जाकड आणलेली गावं

जगातली कुठलीही वस्तू विकत न घेता तिच्यासोबत चार दिवस सुखानं नांदता येतं, हे सिद्ध करून दाखवणारा एकच माणूस मी आजवर पाहिला आणि तो माझ्या सख्ख्या बहिणीचा नवरा आहे. आमच्याकडे बहिणीच्या नवऱ्याला दाजी म्हणतात, तेव्हा इथंही दाजीच म्हणतो. नाव सांगितलं तर भोकरदनच्या बाजारपेठेतले निम्मे दुकानदार गादीवरून उठून उभे राहतील, आणि ते आदरानं की धास्तीनं, हे मला छातीठोकपणे सांगता येणार नाही. दाजींचा सगळा संसार जाकडावर चालत आला. जाकड म्हणजे दुकानातून वस्तू घरी न्यायची, निवांत निरखायची, पसंत पडली तर ठेवायची, नाही पडली तर जशीच्या तशी परत करायची. लुगडी आणि साड्या अशा नेण्याची पद्धत आमच्या भागात जुनीच आहे. दाजींनी ती पंख्याला लावली, पलंगाला लावली, भिंतीवरच्या घड्याळाला लावली आणि एकदा तर दुभत्या म्हशीलाही लावली. म्हैस त्यांच्या मूळ गावाहून, केदारखेड्याहून आली, आठवडाभर दारात बांधली गेली, रोज संध्याकाळी दाजी तिच्यापुढे बसून बाजारातल्या गोष्टी सांगत राहिले, आणि शेवटी ‘हिचा सोभाव जरा अबोल हाय’ असं कारण देऊन त्यांनी ती परत पाठवली. जाताना तिला गोंजारून, गूळ खाऊ घालून पाठवली. मालकानं म्हशीकडे पाहिलं, दाजींकडे पाहिलं, आणि दावं हातात घेतलं.

याहून गंमत म्हणजे दाजींचा पेशा. भोकरदनच्या मोंढ्यात, म्हणजे शेतमालाच्या बाजारात, दाजी लिलाव पुकारायचे. मिरचीचा ढीग असो की मक्याचा, दाजी त्याच्यापुढे उभे राहिले, खांद्यावरचा गमछा झटकला आणि ‘एक वार, दोन वार’ म्हणत त्यांनी हात वर नेला की भलेभले व्यापारी घाईघाईनं बोली वाढवायचे. ‘तीन वार’ म्हणत तो हात खाली आला की सौदा कायमचा झाला. मग त्यात ब्रह्मदेवालाही बदल करता यायचा नाही. मिरचीच्या ठसक्यानं सगळा बाजार खोकत असायचा आणि दाजींचा आवाज तेवढा स्वच्छ चालू असायचा. हजारो लोकांच्या मालाचा निकाल एका दमात लावणारा हा माणूस घरी आल्यावर मात्र दोन चादरींपैकी कोणती ठेवावी या विचारात जेवायचं विसरायचा. मी एकदा त्यांना याचं कारण विचारलं. ते म्हणाले, “लोकाचा माल हाय तोवर जीभ बराबर चालती, मेव्हणे. आपला म्हनला का ‘दोन वार’च्या पुढं सरकतच न्हाई.”

ते चिक्कू होते असा कोणाचा समज होत असेल तर तो चुकीचा आहे. दाजींना मुळी वस्तू नकोच असायची, त्यांना हवे असायचे ते मधले चार दिवस. टेबलफॅन जाकड आणला की दाजी त्याला खिडकीशी ठेवत, समोर बाज टाकत आणि डोळे अर्धवट मिटून पडून राहत. वारा अंगावर येतोय याच्यापेक्षा हा वारा अजून आपला झालेला नाही, याचंच त्यांना सुख वाटत असावं. पंखा परत करायला निघाले तेव्हा मी सोबत होतो. रस्त्यात म्हणाले, “घ्यायच्या आधी वस्तू लई गोड वागती बघा. घेतली का ती घरातलीच. मंग तिच्याकडं कोन बघतं?” असं म्हणून त्यांनी काखेतल्या पंख्यावरची धूळ गमछ्यानं पुसली. मला त्या क्षणी त्या पंख्याचा हेवा वाटला हे कबूल करतो. आक्काला, म्हणजे माझ्या बहिणीला, या सगळ्याचं काही वाटेनासं झालं होतं. कोणी पाहुणी चेष्टेनं म्हणाली की बाई, तुम्ही एवढ्या कशा काय टिकलात, की आक्का भाकरी थापता थापता सांगायची, “मला बी माघारी न्यायला निघाले व्हते. पन त्या दिवशी माझ्या माहेराला कुलूप व्हतं.”

दाजी निवृत्त झाले, लेक शिकून नोकरीला पुण्याला गेली, आणि तिचा कॉलेजातला कॉम्प्युटर तेवढा घरी राहिला. आक्कानं त्याला भरतकामाची खोळ शिवली होती आणि वर गणपती ठेवला होता. पुढं तो कॉम्प्युटर म्हातारा झाला. चालू करून चहा पिऊन यावं तरी तो आपला विचारातच. त्यातली जुनी सिस्टीम आता कोणी सांभाळत नव्हतं, आणि नवी त्याला पेलवणारी नव्हती. लेक फोनवर म्हणाली, भंगारात देऊन टाका, मी दुसरा पाठवते. धडधाकट वस्तू भंगारात द्यायची ही कल्पनाच दाजींना सोसली नाही. परत करण्यात आणि टाकून देण्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, असं त्यांचं म्हणणं. ते सकाळच्या गाडीनं जालन्याला माझ्याकडे आले. मी एका कार्यालयात कॉम्प्युटरपुढे बसून पगार घेतो, एवढ्या आधारावर आमच्या नात्यागोत्यात माझी गणना या विषयातल्या जाणत्यांत होते.

मी त्यांना लिनक्सबद्दल सांगितलं. सांगितलं की ही एक मोकळी सिस्टीम आहे, जगभरातल्या माणसांनी मिळून केलेली, कोणीही घ्यावी, वापरावी, जमलं तर सुधारून दुसऱ्याला द्यावी, आणि जुन्या यंत्रावरही ती छान चालते. दाजींनी विचारलं, “मालक कोन?” मी म्हणालो, तसा मालक कोणी नाही. दाजींनी चहाचा घोट घेतला. मग म्हणाले, “म्हंजे गायरान. एकाचं न्हाई म्हनून समद्यांचं.” इतकी वर्षं मी हे लोकांना समजावून सांगत होतो, पण गाव जिथं गुरं चारतं त्या जमिनीपर्यंत काही माझी गाडी गेली नव्हती. मी खूश झालो आणि खुशीच्या भरात ते वाक्य बोलून गेलो, ज्याची फळं आमच्या दोन्ही घरांनी पुढं वर्षभर खाल्ली. मी म्हणालो, “आणि दाजी, ती लगेच बसवायचीही गरज नाही. पेनड्राइव्हवर घालून देतो. तिथूनच चालवायची. चार दिवस हिंडून फिरून बघा. तुमच्या कॉम्प्युटरच्या आतल्या कशालाही धक्का लागत नाही. नाही आवडली तर पेनड्राइव्ह काढून घ्यायचा, विषय संपला.”

दाजींनी चहाचा कप खाली ठेवला. “म्हंजे जाकड?” त्यांनी अगदी हळू विचारलं.

“जाकडच,” मी म्हणालो. त्यांच्या चेहऱ्यावर तेव्हा जे पसरलं ते मी त्यांच्या लग्नातसुद्धा पाहिलं नव्हतं.

नवख्या माणसानं लिनक्सच्या प्रकारांतलं मिंट घ्यावं, उबुंटू घ्यावं, फार तर यंत्र थकलेलं असेल तर त्यांचीच एखादी हलकी आवृत्ती घ्यावी आणि कामाला लागावं, इतकं हे सोपं आहे. तेवढंच सांगून मी गप्प बसायला हवं होतं. पण बोलण्याच्या ओघात अशा सिस्टिमी शेकड्यांनी आहेत हेही मी सांगितलं, आणि दाजींना समोर शेकडो दुकानं एका ओळीत उघडी दिसली. त्यानंतर दर आठ-पंधरा दिवसांनी दाजी जालन्याला येऊ लागले. रुमालात बांधलेला पेनड्राइव्ह सोडून माझ्यापुढे ठेवायचा आणि म्हणायचं, “परत घ्या. त्यांना सांगा, माल एक नंबर हाय, पन आमच्या घराला जमना.” मी परोपरीनं सांगितलं की दाजी, हे परत करायचं नसतं, कोणी वाट बघत नाही. त्यांना ते पटेना. शेवटी मी त्यांच्यासमोर पेनड्राइव्ह पुसायचा आणि ‘गेलं परत’ असं म्हणायचं, असा शिरस्ता पडला. तो शब्द ऐकल्याखेरीज ते पुढचा माल मागत नसत. कापड दुकानदाराला तर त्या वर्षी मोठाच आराम पडला. तो मला रस्त्यात भेटला तेव्हा दाजींची तब्येत बरी आहे ना, असं त्यानं काळजीनं विचारलं.

दाजी या सिस्टिमींकडे सिस्टीम म्हणून बघतच नव्हते. ती त्यांच्या लेखी गावं होती. ज्या माणसानं मोंढ्यापायी उभ्या आयुष्यात मुक्कामाचा प्रवास केला नाही, तो आता घरच्या खुर्चीत बसून दर पंधरवड्याला नव्या गावी उतरत होता. परत आले की मला गावाचं वर्णन ऐकवत. एका सिस्टिमीत सगळ्या खिडक्या हलत-डुलत उघडायच्या, ती म्हणजे “राजूरची जत्रा. दोन घडी बरं वाटतं, मंग डोकं दुखतं.” दुसरी फार स्वच्छ, फार नेटकी, ती “सरकारी विश्रामगृहावानी. समदं जाग्यावर हाय, पन कोनी बोलतच न्हाई.” एकदा मी गमतीनं एक अवघड सिस्टीम दिली, जिच्यात काळा पडदा आणि पांढरी अक्षरं याखेरीज काहीच नव्हतं. मला वाटलं, आता तरी दाजी वैतागतील. ते आले ते भारावूनच. “तिथं रस्तेच न्हाईत, मेव्हणे. आपून म्हनू तिकडं रस्ता व्हतो. लई भारी मुलूख हाय. पन बायामाणसाला घेऊन जान्यासारखा न्हाई.”

आणि मुक्कामाला गेलेला माणूस मध्येच उठून येतो का? म्हणून जाकडाचे दिवस संपेपर्यंत दाजी कॉम्प्युटर बंदच करत नसत. रात्री पडदा तेवढा मालवायचा. लाईट गेली तर इन्व्हर्टर होता. दुपारी आक्काचं घरकाम उरकलं, गल्ली सुस्तावली, कडुलिंबावर एखादाच कावळा राहिला की दाजी बाज ओढून त्या पडद्यासमोर बसत. पडद्यावर कुठलं तरी निळं तळं असे, मागे बर्फाचे डोंगर, किंवा धुक्यातला एखादा लाकडी पूल. दाजी काहीही करत नसत. माऊसला हातसुद्धा लावत नसत. भोकरदनच्या उन्हात, अंगात बंडी, पायाशी पाण्याचा तांब्या, आणि नजर त्या तळ्याच्या पलीकडच्या काठावर. मी एकदा असाच अचानक गेलो तर त्यांनी ओठांवर बोट ठेवून मला शेजारी बसवून घेतलं. आम्ही दोघं कितीतरी वेळ ते तळं बघत बसलो. खरं सांगतो, मलाही पाण्याचा वास आल्यासारखा वाटला.

आता इथं आक्काची गोष्ट सांगितली पाहिजे. मला ती मागाहून कळली, पण तुम्हाला आत्ताच सांगून ठेवतो. आक्काचं बायकांचं भजनी मंडळ आहे. दर एकादशीला ते बसतं आणि रामनवमीला सगळ्या जणी जीप करून समर्थांच्या जन्मगावी, जांबला, भजनाला जातात. या मंडळाचा आवाज म्हणजे कडूबाई. थोराड हाडाची, मोकळ्या गळ्याची म्हातारी. तिनं पहिली ओळ उचलली की बाकीच्यांना नुसतं मागून जायचं असायचं. पण तिची नजर मंदावली होती. भजनांच्या पोथीतलं बारीक अक्षर दिसेना, आणि पाठ असलेलं वयापरत्वे निसटायला लागलं. एका एकादशीला मधलं कडवं तिला आठवलं नाही. कोणी हसलं नाही, पण कडूबाईनं टाळ खाली ठेवले आणि त्यानंतर ती यायचीच बंद झाली. बोलवायला गेलं की म्हणायची, गुडघे दुखतात. आक्कानं ठरवलं की सगळी भजनं मोठ्या, बोटभर अक्षरांत छापून घ्यायची आणि रामनवमीच्या आधी ती पोथी कडूबाईच्या हातात द्यायची. हे तिनं कोणालाच सांगितलं नाही. दाजींना सांगितलं असतं तर त्यांनी पोथी कशी असावी यासाठी दहा नमुने जाकड आणले असते.

त्या सुमाराला दाजींकडे मिंट, म्हणजे हिरव्या पानाच्या खुणेची सिस्टीम, मुक्कामाला होतं. दाजी सकाळी बाजारात चक्कर मारायला गेले की आक्का कॉम्प्युटरपुढे बसे. लेकीनं फोनवरून तिला मराठी अक्षरं कशी लावायची ते सांगितलं. सिस्टीम आत बसवलेलीच आहे, असं त्या पोरीला वाटत होतं. आक्का एका बोटानं लिहायची. आधी एक ओळ, मग एक कडवं, मग रोज एक भजन. लिहिलेलं ती नीट नाव देऊन ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी उघडलं की ते जागच्या जागी असायचं, कारण दाजी कॉम्प्युटर बंदच करत नव्हते. दाजींना एवढंच माहीत होतं की बायको मधूनमधून तिथं बसते. बसू दे बिचारी, तिलाही जरा फिरून आल्यासारखं वाटेल, असं ते मनाशी म्हणायचे.

मिंटमध्ये दाजी कधी नव्हे इतके दिवस राहिले. आणि मग एका सकाळी आक्का पूजेला बसलेली असताना त्यांनी कॉम्प्युटर बंद केला, पेनड्राइव्ह काढला, रुमालात बांधला आणि जालन्याची गाडी धरली.

माझ्याकडे येऊन बसले तर चेहरा उतरलेला. मी विचारलं, काय झालं, नाही आवडलं? म्हणाले, “लई आवडाया लागलं व्हतं. म्हनूनच आनलं परत.” ही मात्र नवीनच तऱ्हा होती. मी हसत हसत पेनड्राइव्ह हातात घेतला, पुसायला लावणार, एवढ्यात माझा फोन वाजला. आक्का होती. तिचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. “बापू, म्या लिवलेली भजनं कुटं गेली रे? समदी गेली. ते हिरवं पानच न्हाई इथं. तुझे दाजी तुझ्याकडंच आल्ते ना? इचार बरं जल्दी.” कडूबाई, पोथी, रामनवमी, हे सगळं मला त्या फोनवर तुटक तुटक कळलं. फोनचा आवाज मोठा होता. दाजींनाही सगळं ऐकू जात होतं.

मी तिला काय सांगणार? पेनड्राइव्हवरून चालवलेल्या सिस्टिमीत केलेलं काम कॉम्प्युटर बंद होईतोवरच असतं. बंद केला की ती सगळं विसरून जाते, आणि पुन्हा लावली की कोऱ्या मनानं पहिल्यासारखी उभी राहते. जाकडाचा हा एक नियम दाजींना ठाऊक होता, कारण मी तो त्यांना सांगितला होता. पण तिथं कोणी काही ठेवतंय, हे त्यांच्या कल्पनेतच नव्हतं. “याच्यात असतील की,” दाजी माझ्या हातातल्या पेनड्राइव्हकडे बोट दाखवत म्हणाले. मी लावून बघितला. नव्हती. दाजींनी रिकामा रुमाल मांडीवर पसरला. मोंढ्यात ज्या आवाजानं ते भाव पुकारायचे त्याचा मागमूसही नसलेल्या आवाजात म्हणाले, “जाकडाच्या लुगड्यावर तिनं कशिदा काढला, मेव्हणे, आन म्या लुगडं माघारी करून आलो.” मला त्यांची फार कीव आली. आक्काची त्याहून जास्त आली. रामनवमी तोंडावर आली होती.

मी कार्यालयात कळवून रजा टाकली आणि आम्ही दोघं तसेच भोकरदनच्या गाडीत बसलो. पूर्णा नदीचा पूल आला तेव्हा एरवी दाजी हमखास खिडकीतून पाणी बघतात, त्या दिवशी मांडीवरच्या रुमालाकडेच बघत होते. घरी पोचलो तर आक्का ओट्यावर लसूण सोलत होती. डोळे लाल होते, पण ते लसणानं आहेत असा तिचा आविर्भाव होता. दाजी तिच्यासमोर उभे राहिले. रुमाल अजून हातातच होता.

शेवटी तीच म्हणाली, “तुमचं तरी काय चुकलं? तुमाला कुटं ठावं व्हतं मी काय करून राह्यले ते. आन तुम्ही बी कधी इचारलं न्हाई.”

दाजींनी गेल्या वर्षभरात या सिस्टिमींविषयी एसटीच्या कंडक्टरला विचारलं होतं, दवाखान्यातल्या कंपाउंडरला विचारलं होतं, कापड दुकानदाराला विचारलं होतं, आणि मला तर ऊठसूट विचारलं होतं. ते ओट्याच्या पायरीवर बसले. आक्काच्या पुढ्यातल्या लसणाच्या दोन पाकळ्या त्यांनी उगीचच हातात घेतल्या. “तुला यातलं कोन्तं बरं वाटलं?” त्यांनी विचारलं.

“ती हिरव्या पानाची,” आक्का लगेच म्हणाली. “खाली डाव्या कोपऱ्यात दाबलं का समदं सापडायचं. बाकीच्या तुमच्या गावात मला दर खेपेला वाट इचारावी लागायची. आन इचारायची कोनाला?”

नवख्या माणसानं कोणती सिस्टीम निवडावी यावर मी जे काही वाचलं आहे त्यात याहून नेमकं काही मला आढळलं नाही.

त्याच संध्याकाळी, दिवेलागणीच्या आधी, आम्ही मिंट बसवायला घेतलं. लेकीचे फोटो आणि तिची कॉलेजची कामं मी आधी काढून वेगळी ठेवली. एकेक प्रश्नाला उत्तरं देत शेवटच्या खिडकीपर्यंत आलो. तिथं स्वच्छ लिहिलं होतं की आता पुढे गेलात तर होणारे बदल कायमचे असतील. कायमचे हा शब्द मी मोठ्यानं वाचला आणि दाजींच्या कपाळावर घाम आला. मी म्हणालो, दाजी, बटण तुम्हीच दाबा. दाजी उठले. खांद्यावरचा गमछा झटकला. हात वर नेला आणि मोंढ्यातल्या त्या जुन्या, स्वच्छ आवाजात, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाले, “एक वार!” शेजारणी दारात आल्या. “दोन वार!” आणि तिथं त्यांचा आवाज थांबला. हात वरचा वरच राहिला. मला त्यांच्याकडे बघवेना म्हणून मी पडद्याकडे बघत राहिलो.

आक्कानं पदराला हात पुसले. “तीन वार,” ती साध्या आवाजात म्हणाली, आणि तिनंच बटण दाबलं.

सिस्टीम बसायला वेळ लागला तेवढा वेळ दाजी समोरून हलले नाहीत. ती पुढे सरकणारी पट्टी ते एखादं गाव वसताना बघावं तशी बघत होते. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी लिहायला घेतलं. आक्का चुलीपुढे भाकरी थापता थापता म्हणायची आणि दाजी एका बोटानं टिपायचे. “थांब गं, ‘ज्ञ’ सापडंना,” असं म्हणून भजन मध्येच अडायचं, भाकरी करपायची, आणि प्रत्येक कडवं संपलं की आतून आक्काचा प्रश्न यायचा, “ठिवलं का?” दाजी म्हणायचे, “ठिवलं.” त्यांच्या तोंडी हा शब्द मी तोवर ऐकला नव्हता. आधी तो जरा अडखळत यायचा, मग सरावाचा झाला. भजन चांगलं जमलं की दाजी तेच पुन्हा म्हणायला लावायचे, नीट टिपलं गेलंय का हे पाहायच्या निमित्तानं. माझी खात्री आहे की पहिल्यांदाच ते नीट टिपलेलं असायचं.

पोथी मी जालन्यात छापून घेतली. आक्का आणि दाजी ती घेऊन कडूबाईच्या घरी गेले. तिनं पोथी डोळ्यांजवळ नेली, मग हळूहळू लांब धरली, आणखी लांब धरली, आणि एक ओळ पुटपुटली. मग गुडघ्यांचा विषय निघाला नाही. रामनवमीला जांबच्या देवळात मीही होतो. पहिली ओळ उचलताना कडूबाईचा आवाज किंचित कापला, सगळ्या जणी तिच्यासाठी थांबल्या, आणि मग तो असा मोकळा झाला की बाहेर चपला सांभाळत बसलेली माणसंही आत वळून बघायला लागली. दाजी खांबाला टेकून उभे होते. डोळे नेहमीसारखे अर्धवट मिटलेले. मला वाटलं, गेले वाटतं कुठल्यातरी तळ्याच्या काठी. पण ते कुठं गेले नव्हते. कडूबाईनं पान उलटलं तसं ते मला हळूच म्हणाले, “हे पान म्या लिवलंय.” मी उगाच खोकलो.

त्यानंतर दाजींनी जाकड आणणं सोडलं. मागच्या महिन्यात ते कापड दुकानात गेले, एक टॉवेल हातात घेतला आणि म्हणाले, हा द्या. दुकानदारानं नेहमीच्या सवयीनं विचारलं, दोन-तीन सोबत नेता का, बघून परत करा? दाजी म्हणाले, नको. दुकानदारानं हे मला सांगितलं तेव्हा तो खूश असायला हवा होता, पण तसा दिसला नाही. मलाही ऐकून बरं वाटलं नाही. दाजींचं वय झालं आहे हे मला त्या टॉवेलवरून कळलं.

पण माझी आक्का फार शहाणी बाई आहे. तिनं लेकीकडून फोनवर नीट विचारून घेतलं की पोथी आता आत, कॉम्प्युटरमध्ये ठेवलेली आहे. पेनड्राइव्हवरून दुसरी सिस्टीम चालवली तरी तिला धक्का लागत नाही. तेव्हापासून रविवारी दुपारी, जेवणं झाली की, ती माझ्याकडून भरून आणवलेल्या पेनड्राइव्हांपैकी एखादा डब्यातून काढते आणि दाजींच्या हातावर ठेवते. “जावा आता. उन्हं उतरायच्या आत या,” असं म्हणते आणि आत जाऊन पडते. दाजी बाज ओढतात. पडद्यावर कुठलं तरी परकं तळं उजळतं, पलीकडच्या काठाला झाडं असतात, त्यांच्यामागे डोंगर. दाजी बघत राहतात. तिथं एखादं घर असावं आणि आपण त्यात राहायला जावं, असं त्यांना वाटतं का, हे मी कधी विचारलेलं नाही. गल्लीत सावली लांब होते, आतून स्टोव्हचा आवाज येतो, आणि चहाचे कप घेऊन आलेली आक्का दारातूनच विचारते, “आलात का?”

दाजी पेनड्राइव्ह काढतात. हिरव्या पानाची सिस्टीम पुन्हा चालू करून देतात, आणि “आलो,” असं म्हणून तिच्यासाठी खुर्ची पुढे ओढतात.